तिसरी झेरॉक्स

"हा कोड आधीच वापरलेला आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?" शैलजानं विचारलं.

"म्हणजे आपलं ई-सिम कुणीतरी चोरलंय."

"चोरायला ती काय देवळाबाहेरची चप्पल आहे?" असं म्हणून ती बॅगांच्या पट्ट्याकडे बघायला लागली.

लाइपझिगच्या विमानतळावर आम्ही उभे होतो. मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे दोन. माझ्या डाव्या हातात झेरॉक्सचा कागद होता आणि उजव्या हातात फोन. कागदावरचा काळा-पांढरा चौकोन मी फोनला चौथ्यांदा दाखवला आणि फोननं चौथ्यांदा तेच इंग्रजी वाक्य माझ्या तोंडावर फेकलं.

हे ई-सिम पुतण्यानं, तन्मयनं घेऊन दिलं होतं. फोनमध्ये कार्ड घालायची भानगड नाही. मेलवर कोड येतो, तो फोनला दाखवायचा, परदेशात उतरलं की नेट सुरू. मी दुय्यम निबंधक कार्यालयात तेहतीस वर्षं दस्त तपासले. कुठलाही कागद तीन प्रतींत असल्याशिवाय मला तो खरा वाटत नाही. म्हणून कोडाची प्रिंट काढून सांगलीत कोर्टासमोरच्या दुकानातून तीन झेरॉक्स करून आणल्या. एक माझ्या खिशात, एक मोठ्या बॅगेत आणि तिसरी शैलजाच्या पर्समध्ये.

तन्मय हसला होता. "काका, कोड एकदाच चालतो. झेरॉक्स कशाला?"

"एकदाच चालतो म्हणूनच तीन पाहिजेत," मी त्याला सुनावलं होतं.

आता संशय कुणाकुणाचा घ्यायचा? झेरॉक्सवाला होता, त्यानं कागद काचेवर जरा जास्तच वेळ ठेवला होता. विमानात शेजारी लाल टोपीवाला होता, तो दोनदा माझ्या खिशाकडे बघून हसला होता. स्वतः तन्मय होता. शैलजाचं नाव माझ्या यादीत नव्हतं. टीव्हीचा रिमोट बिघडला की जी बाई "अहो, बघा ना" म्हणून मला हाक मारते, तिच्यावर संशय कोण घेणार?

विमानतळाच्या फुकटच्या वायफायवर मी धाकट्या भावाला, जयवंतला निरोप टाकला. 'सुखरूप पोचलो. आई कशी आहे?' उत्तरादाखल अंगठा आला. जयवंत सकाळच्या चहाचीसुद्धा चार ओळींत हकीकत लिहिणारा माणूस आहे. अंगठ्यावर तो कधी भागवत नाही.

मला नेट हवं होतं ते आईसाठी. आई शहाऐंशीची, मिरजेला जयवंतकडे, जानेवारीपासून अंथरुणावर. निघताना मी तिला शब्द दिला होता, "केतकीचं लग्न तुला तिथून फोनवर दाखवतो. मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत."

"दाखव की," आई म्हणाली होती. "पण आधी लग्न तर लावा तिचं."

तिच्या बोलण्याला कारण होतं. केतकीचं लग्न दोनदा ठरून दोनदा थांबलं होतं. पहिल्यांदा माझे वडील गेले. वर्षभरानं पुन्हा मुहूर्त काढला, तर सहा दिवस आधी चुलतकाका गेले आणि दहा दिवसांचं सुतक आलं. कार्यालय, पत्रिका, नवरामुलगा निरंजनची जर्मनीहून काढलेली रजा, सगळं वाया गेलं. "चुलतकाका तर होते, लांबून नमस्कार करा आणि लग्न लावा," असं चारचौघांनी सांगितलं. मी ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम. आमच्या कचेरीत एक सही कमी असली तर मी आमदाराच्या मेव्हण्यालाही परत पाठवत असे.

या वेळी लग्न निरंजन नोकरी करतो तिथंच, शनिवारी सकाळी लावायचं ठरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात केतकी फोनवर म्हणाली, "बाबा, मी चौतीस वर्षांची आहे. या वेळी तुम्ही थांबवलंत, तर मी पुन्हा उभी राहणार नाही. निरंजनसमोरही नाही आणि दुसऱ्या कुणासमोरही नाही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ती ओरडली असती तर मला कमी लागलं असतं.

विमानतळावर न्यायला व्याही मुकुंदराव आले होते. गाडीत बसल्या बसल्या मी म्हणालो, "तुमचा फोन द्या जरा. आईला पोचल्याचं सांगतो."

मुकुंदरावांनी खिशावर हात ठेवला. "बॅटरी संपली हो नेमकी."

दोन मिनिटांनी त्याच खिशात फोन वाजला. त्यांनी खिडकीबाहेर बघत तो वाजू दिला. मी यादीत त्यांचं नाव घातलं.

आमची उतरायची सोय गावाबाहेरच्या एका पाहुणेघरात केली होती. खाली मालकीणबाई, वर आमच्या खोल्या, मागं सफरचंदाची झाडं. आमच्या आधीच आलेली केतकी दारात उभी होती. गळ्यात पडली, रडली, हसली. तिच्या खांद्यावरूनच मी विचारलं, "इथं वायफाय आहे ना गं?"

"आहे, पण बिघडलंय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आजच."

"तुझ्या फोनवरून आजीला लाव."

"बाबा, तिकडे आता संध्याकाळचे सात वाजलेत. आजी झोपली असेल."

आई सातला झोपते हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. सातच्या बातम्या ऐकल्याशिवाय ती ताटावरसुद्धा बसत नाही. मी केतकीकडे बघितलं. ती शैलजाकडे बघत होती. आणि शैलजा बॅगेची चेन लावत होती, जी आधीच लावलेली होती.

शुक्रवारी सकाळी उठलो तर शैलजा खोलीत नव्हती. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि आत नळ सोडलेला होता. नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय झालं?"

"इथला साबण झोंबतो," ती म्हणाली.

साबणाची वडी आमच्याच घरची होती.

दिवसभर माणसं माझ्याभोवती अशी वागत होती की जणू मी कुठल्या चौकशीचा साहेब आहे. मी खोलीत शिरलो की बोलणी थांबत. निरंजनला म्हणालो, "दोन मिनिटं तुझ्या फोनचं नेट दे, हॉटस्पॉट का काय म्हणतात ते." तो चांगला संगणकातला माणूस, पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बाबा, माझ्या फोनला ते येत नाही." आणि हळद दळायची आहे म्हणून निघून गेला. जर्मनीत पुडीत मिळणारी हळद कोण दळतं?

माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. मुलाकडचे काही लपवतायत का? निरंजनचं आधी एखादं लग्न झालंय का? मला जगापासून तोडून इथं गुपचूप काय उरकतायत? केतकीला बाजूला घेऊन मी विचारलंसुद्धा, "बाळ, तुला कुणी काही करायला भाग पाडत नाही ना?"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाग पाडतायत बाबा. दोन वर्षांपासून. वाट बघायला."

संध्याकाळी सगळे हॉल सजवायला गेले. "तुम्ही आराम करा" असं मला चौघांनी एकेकट्यानं येऊन सांगितलं. घर रिकामं झाल्यावर मी कामाला लागलो. साडेसात झाले होते, पण तिथं त्या दिवसांत नऊपर्यंत उजेड असतो. जिन्याखालच्या फडताळामागं वायफायची डबी सापडली. ती बिघडलेली नव्हती. तिची वायर भिंतीतून उपसून, व्यवस्थित गुंडाळून, वर रबर लावून ठेवली होती. वायरीला रबर लावून ठेवायची सवय आमच्याच घरात आहे. मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्या वायरी शैलजा तशाच ठेवते, आणि केतकी तिच्याकडूनच शिकली.

मी वर आलो. ती खिडकीपाशी पाठमोरी बसली होती, हॉलवर गेलेलीच नव्हती. फोन मांडीवर उपडा होता.

"दाखव," मी म्हणालो.

तिनं नाही म्हटलं नाही. फोन उचलून माझ्यापुढं धरला. वरच्या कोपऱ्यात जर्मन कंपनीचं नाव होतं आणि नेटच्या रेघा भरलेल्या होत्या.

"तू?"

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तिसरी झेरॉक्स. "तुम्हीच दिली होतीत जपून ठेवायला," ती म्हणाली. "सोमवारी मिरजेला आईंच्या खोलीत तन्मयनं माझ्या फोनमध्ये घालून दिलं."

"कुणी सांगितलं हे करायला?"

"आईंनी."

मी पलंगावर बसलो. शैलजा सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली. "आई म्हणाल्या, माझं काही खरं नाही. आठ दिवस काढीन किंवा नाही काढणार. अक्षता पडेपर्यंत भालूच्या, म्हणजे तुमच्या, हातात फोन राहू द्यायचा नाही. त्याच्या कानावर काही आलं तर तो भर मांडवातून उठेल, असं त्या म्हणाल्या. इकडच्या सगळ्यांना मी एवढंच सांगितलं होतं की यांना फोन द्यायचा नाही. कारण कुणालाच माहीत नाही, केतकीलाही नाही."

"आई कशी आहे?"

"मला माहीत नाही."

"खोटं बोलू नकोस!"

"खरंच माहीत नाही हो. आईंची मलाही ताकीद होती, की जयवंतभाऊजींचं काही आलं तर तूही उघडायचं नाहीस. सकाळी फोनवर नुसते आकडे बघितले. तेव्हापासून उघडलेला नाही." तिनं फोन माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला उघडायचा तर उघडा. मी अडवणार नाही. आता दमले मी."

पडद्यावर मजकूर नव्हता, नुसती नावं आणि आकडे होते. जयवंतकडून अकरा. 'उरुणकर परिवार' या आमच्या ग्रुपवर चौसष्ट.

आमच्या ग्रुपवर दिवसाला दोन गुड मॉर्निंग येतात आणि एक औषधाचा सल्ला. एका दिवसात चौसष्ट कधी येतात, ते मला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

मला एकदम माझी मुंज आठवली. मी आठ वर्षांचा होतो. मुंजीच्या आदल्या दिवशी पोस्टमननं एक कार्ड टाकलं, कोपरा फाडलेलं. तेव्हा मृत्यूची बातमी तशा कार्डानं यायची, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. आईनं ते उलटं धरून, एक अक्षर न वाचता, तांदळाच्या डब्याखाली सारलं. मुंज झाली, भिक्षावळ झाली, जेवणं झाली, मग तिनं ते काढून वाचलं आणि सगळ्यांना अंघोळी घातल्या. सुतक वार्ता कानावर आल्यापासून, असं तिचं म्हणणं. मी मोठा झाल्यावर तिला छेडायचो, "आई, तो सरळसरळ दस्त दडवण्याचा गुन्हा होता." ती म्हणायची, "दडवला कुठं? वाचला नव्हता फक्त."

तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेला एकही कागद मी न वाचता सोडला नव्हता. अंगठा पडद्यापासून बोटभर अंतरावर होता. उघडलं तर मला कळणार होतं, आई आहे की नाही. आणि कळल्यावर मी काय करणार होतो, हेही मला पक्कं माहीत होतं. मी स्वतःला ओळखतो. मी हॉलवर गेलो असतो आणि मुकुंदरावांसमोर हात जोडले असते. केतकी काही बोलली नसती. तिनं नुसती अंगावरची हळद धुतली असती.

आईला फोन लावावा, "कोण, भालू का?" असं ऐकावं, एवढंच मला त्या वेळी पाहिजे होतं.

मी फोन उपडा करून शैलजाच्या मांडीवर परत ठेवला.

"उद्या देवक किती वाजता बसवायचंय?" मी विचारलं.

"साडेआठला," ती म्हणाली.

"मग माझं सोवळं काढून ठेव."

आम्ही दोघं उजेड जाईपर्यंत तिथंच बसलो होतो. फोन अधूनमधून मांडीवर थरथरायचा. दोघांनीही खाली बघितलं नाही.

शनिवारी सगळं यथासांग झालं. गुरुजी म्हणजे तिथल्याच एका कारखान्यातले इंजिनियर होते, पण मंत्र स्वच्छ म्हणत होते. हॉलमध्ये धूर चालत नाही म्हणून होम वाटीएवढ्या कुंडात केला. कन्यादानाच्या वेळी शैलजा माझ्या हातावर पाण्याची धार धरत होती. तिची धार दोनदा बाजूला पडली आणि मी दोनदा मंत्र चुकलो. लोकांना वाटलं, मुलगी चालली म्हणून. ते काही खोटं नव्हतं. मुकुंदराव मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता हवा तर घ्या माझा फोन, आईंना दाखवा की." मी म्हणालो, "राहू द्या. तिनं बघितलं असेल."

या सगळ्याआधी मुहूर्तावर शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या होत्या. केतकीनं अंतरपाट खाली गेल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग निरंजनकडे. तिचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

पंगती मांडायला लागल्यावर मी आणि शैलजा हॉलच्या मागच्या बागेत गेलो. तिनं फोन उघडला. जयवंतचे निरोप एकाखाली एक होते. मी ते वाचायला लागणार, तोच ती म्हणाली, "थांबा. आधी हे. आईंनी सांगितलं होतं, सगळ्यात आधी हे ऐकवायचं."

तो आवाजाचा निरोप होता, शुक्रवारी पहाटे जयवंतनं पुढं पाठवलेला. तिनं दाबलं. आधी पंख्याची घरघर आली. मग आईचा आवाज, दमलेला, पण तिचाच.

"भालू, अक्षता पडल्या ना रे? पडल्याशिवाय शैला ऐकवायची नाही, माझा विश्वास आहे तिच्यावर. आता नीट ऐक. मी गेले." इथं ती थांबली आणि खोकली. "दुसऱ्या कुणी सांगण्यापरीस मीच सांगितलेलं बरं. आता तुझं सुतक सुरू. जया करील सगळं, त्याच्यावर ओरडू नकोस. आणि पाहुण्यांच्या पंगती झाल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही. माणसं ताटावरून उठायला नकोत. अंघोळ तेवढी कर. केतकीला म्हणावं, आजीनं..." पुढं थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग लांबून, "तन्मय, हे बंद कसं करायचं रे?"

आणि बंद झालं.

मी 'पुन्हा लाव' म्हणालो नाही. बागेच्या कोपऱ्यात झाडांना पाणी घालायचा नळ होता, त्याला हिरवा पाइप. मी सोवळ्यासकट तिथं जाऊन खाली बसलो. शैलजानं नळ सोडला आणि माझ्या डोक्यावर धार धरली. पाणी बर्फासारखं होतं. हॉलच्या काचेतून दोन जर्मन पाहुण्या बायका बघत होत्या. त्यांना तो आमच्या लग्नातलाच एखादा विधी वाटला असावा, कारण त्यांनी हसून हात केला. मीही केला. त्या पाण्याखाली मी मनसोक्त रडलो. मग मी विचारलं.

"सोमवारी ठरवलंत तुम्ही दोघींनी. मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत."

आत पहिली पंगत बसली होती. कुणीतरी मोठ्यानं नाव घ्यायचा आग्रह करत होतं, आणि केतकीचा हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"हो," मी म्हणालो. "थांबवलं असतं."

शैलजानं पाइप माझ्या हातात दिला, शालूचा पदर खोचला आणि माझ्यापुढं डोकं वाकवून बसली.